मगनच्या मुठीचे गहू

धरणगाव
ता. ६ ऑगस्ट १९९२

प्रिय मगन,

हे पत्र पोस्टमनने नाही, आपल्या गल्लीतल्या सुकदेव कंडक्टरने तुझ्या हातात ठेवलं. तेही मुंबईत नाही, धुळ्याला, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. म्हणजे आईला कळलं, हे तुला कळलंच असेल. उठून जाऊ नको. बस आणि वाच. चौथी शिकलेल्या बाईने सकाळपासून बसून लिहिलं आहे, तिकडे तव्यावर भाकरी करपली. रागावून लिहीत नाही हे आधीच सांगते. माझं बोलणं रागाचंच वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

तू पवईच्या आयआयटीत लागलास तेव्हा ते काय असतं हे गल्लीत कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. हेडमास्तर घरी येऊन म्हणाले, सगळ्या देशातून पोरं निवडतात, त्यात आपला मगन आहे. मी समजले, झालं आता. एवढ्या बारीक चाळणीतून चाळून घेतलेलं पुन्हा कोण चाळणार? मला वाटायचं, तिथून निघालेल्या पोराला नोकरी म्हणजे नवरदेवाला पाट, मांडूनच ठेवलेला.

मग उन्हाळ्यात तू शिकून आलास. मी गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होते आणि तू बाजूला बसून सांगत होतास, की यंदा कंपन्याच कमी आल्या. आल्या त्यांनी मोजकी पोरं घेतली. पाच-सहा जणांना गोल बसवून इंग्रजीत वाद घालायला लावतात, आणि तुझं उत्तर मनात तयार होईपर्यंत दुसरा बोलून मोकळा होतो. तुझ्या खोलीतला पोरगा अमेरिकेला चालला आहे. अर्ज टाकतो, कोणी बोलावत नाही, बोलावलं तर कळवतो म्हणतात आणि कळवत नाहीत. तुला झोप लागत नाही, हेही तू म्हणालास. आणि मी काय म्हणाले? शेजारच्या वनाचा पोरगा साधा डिप्लोमा करून वीज बोर्डात चिकटला, तू एवढा हुशार, तुला कसं कोणी घेत नाही? तू बिबड्यांवरच्या माशा हाकत बसलास. आखाजीच्या सणापासून पावसाळ्यापर्यंत राहणार होतास, दोन दिवसांत पिशवी भरून निघून गेलास.

पुढे तुझं पत्र आलं की मुंबईत कंपनीत लागलो. मी गल्लीभर पेढे वाटले. ज्यांच्याशी बोलत नाही त्यांच्याही घरी नेऊन दिले, मुद्दाम. त्यानंतर प्रत्येक पत्रात मी तुला विचारलं, क्वार्टर मिळतो का, हाताखाली माणसं किती, साहेब म्हणतात का. तू लिहायचास, नानांच्या खोकल्याला औषध घ्या. शहाण्या बाईला तिथेच कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. पत्रं मुंबईहून टाकायला आणि माझी तुला धाडायला कोणा दोस्ताला सांगितलं असशील, ते आता समजतं.

आणि त्यात हा कानबाईचा सण आला. तुला माहीत आहे, आपल्या घराण्यात पोरगा पहिल्यांदा कमावता झाला की त्या श्रावणात कानबाईचं पातळ त्याच्या पगारातून. तुझी काकू प्रमिलाबाई नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, यंदा मुंबईचा साहेब देवीला विमानातून पातळ पाठवेल. तिची जीभ तुला ठाऊक आहे. मी म्हणाले, पाठवेलच, जरीचं पाठवेल. घरी येऊन तुला तसं कळवून टाकलं. तू कोणाच्या तरी हाती पैसे धाडलेस. ते घेऊन मी परवा मंगळवारी धुळ्याला कलामावशीकडे गेले, की पाचकंदीलच्या बाजारात जाऊन दोघींनी पातळ निवडावं.

आग्रा रोडला रिक्षा मिळेना म्हणून आम्ही पायी निघालो. एका ट्रान्सपोर्टच्या दारात ट्रक भरत होता. तू कानावर पेन्सिल खोचून उभा होतास, हातात बिल्टीचं, मालाच्या पावत्यांचं पुस्तक. मालाच्या गाठी मोजत होतास. अंगात तोच निळा शर्ट, हॉस्टेलला जाताना नानांनी जळगावहून आणलेला, कॉलर उलटवून शिवलेली. ती कोणी उलटवली रे? ड्रायव्हर तुला ओरडून म्हणत होता, मास्तर, लवकर लिहा, माझी गाडी रात्रीच्या आत इंदूरला लागली पाहिजे. तू हसून काहीतरी म्हणालास आणि तोही हसला. गोलात बसवल्यावर वेळेवर येत नाही म्हणत होतास, तो शब्द तिथे लगेच आला.

मी कलाचा हात ओढून बोळात शिरले. डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढला. पातळ घेतलंच नाही, डोकं दुखतं म्हणून पुढच्या गाडीने घरी आले. तुझी लाज वाटली मगन, खोटं कशाला सांगू. ट्रकची नाही, बिल्टीची नाही. पेढे खाल्लेली सगळी तोंडं डोळ्यांपुढे आली.

काल आम्ही घरातल्या बायका कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढायला बसलो. एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नानांची घेतली, काकाची घेतली, प्रमिलाबाईच्या नातवाची, अजून बारसंही झालं नाही त्याचं, त्याचीही घेतली. मग ती म्हणाली, घ्या, साहेबाची घ्या. मी मूठ भरली आणि हात सुपाकडे जाईना. गहू बोटांतून सांडायला लागले. मी बोलून टाकलं, की मगन साहेब नाही, धुळ्याला बिल्ट्या लिहितो, नोकरी अजून मिळाली नाही, मुंबईचं सगळं खोटं. मला वाटलं आता ही मला सोलून काढणार. प्रमिलाबाई सुपातला खडा वेचत म्हणाली, बारशाच्या आधीच्याची मूठ घेतली, मग बिल्टीवाल्याने काय पाप केलं? टाका गहू, दळायला उशीर होतोय. नानांना घरात येऊन सांगितलं. ते एवढंच म्हणाले, तो जेवतो कुठे?

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. इतका वेळ टाळत होते. त्या दिवशी रस्त्यावर कलाने आधी तुला पाहिलं. ती म्हणाली, "अक्का, हाऊ आपला मगन ना वं?" आणि मी म्हणाले, "मना पोऱ्या मुंबईले शे. हाऊ मना नही." पोटच्या पोराला, हा माझा नाही म्हणाले. माझा आवाज तुला ठाऊक आहे, हळू बोलता येत नाही मला. तू गाठी मोजता मोजता मान वर केलीस. ऐकलंस की नुसता घाम पुसायला मान उचललीस, हे मी बोळातून पाहिलं नाही. ऐकलं नसशील तर आता वाचलंस. ऐकलं असशील तर तुला तोंड दाखवायची लाज मला वाटायला हवी, तुला नाही. रविवारी कानबाई बसते. शनिवारी सुकदेवच्या गाडीने ये, त्याला जागा धरायला सांगितली आहे. तुझे पैसे या पाकिटात परत ठेवले आहेत. पातळ तूच घे, तुला आवडेल त्या रंगाचं, पैसे कमावलेले आहेत तर देवीला चालतात. ती कोणाच्या ऑफिसात कोण बसतो ते विचारत नाही. नोकरीचं नंतर बघू, अर्ज टाकायचे ते इथून टाक, मी पुन्हा विचारणार नाही. विचारलं तर उठून जा. तुझी मूठ पिठात मिसळली आहे, ती आता वेगळी काढता येणार नाही, आणि रोट घराबाहेर कोणाच्या हाती पाठवता येत नाही. तो आपल्या माणसांनीच पुनवेच्या आत घरात बसून संपवायचा असतो. तुझ्या वाटचा मी खाऊ शकत नाही.

वाट बघणारी, तुझीच
आई