तोंडातली चूळ

कोरेगाव,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पूजास,

आबांचा आशीर्वाद. इकडं सगळं जागच्या जागी आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या सासूबाईंचा गुडघा आहे तसाच आहे. प्रांजलच्या ऑपरेशनला आज बारा दिवस झाले. काल फोनवर तिचा आवाज ऐकला, मोकळा वाटला.

फोन सोडून आबा पत्र का लिहितात, असं तुला वाटेल. तुझा फोन स्पीकरवर असतो आणि पोरगी शेजारी असते. हे तू एकटीनं वाच. सांगलीत खोलीवर नको, कुपवाडला कामावर जेवणाच्या सुट्टीत वाच.

काल तू म्हणालीस, "आबा, तुमच्यामुळं येळेत कळलं. न्हाईतर आमी सर्दी सर्दी म्हणत बसलो असतो." आपल्या शिवतेजनंही सीमेवरच्या पोस्टवरून तेच सांगितलं. मी व्हय व्हय म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून जेवतो, गोठ्यात जातो, पेपर वाचतो. आत काही हलत नाही. लाज वाटायला पाहिजे, तीही नीट वाटत नाही.

साताऱ्याच्या डॉक्टरनं मला एक्स-रे दाखवला होता. नाकाच्या मागं, पडजिभेच्या वर मऊ गाठीसारखं असतं, त्याला अ‍ॅडेनॉइड म्हणतात. सगळ्या पोरांना असतं. जंतू अडवायचं त्याचं काम, मोठेपणी आपोआप आटतं. आपल्या पोरीचं सारख्या सर्दीनं सुजून एवढं झालं होतं की नाकातून वारं जायला वाट नव्हती. म्हणून तोंड उघडं, म्हणून घोरणं. कानाच्या आतही पाणी साठलेलं. मी हाक मारली की ओ द्यायची नाही, तर मी तिला मठ्ठ म्हणायचो. मग सहा आठवडे नाकात फवारा, गोळ्या. फरक पडेना म्हणून भूल देऊन तोंडातूनच ते काढलं, बाहेर एक टाका नाही. हे सगळं तुला माहीत आहे. मी उगाच लिहीत बसलोय, मुद्द्यावर येत नाही.

डिसेंबरात ती पळताना पाय घसरून पडली, म्हणून दवाखान्यात नेली आणि तिथं हे निघालं, असं मी तुला सांगितलं होतं. पाय घसरला हे खोटं आहे.

सैनिक शाळेत आता पोरींना घेतात म्हणून मी तिला सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पळवत होतो. ती तोंड वासून पळायची. मला ते बघवायचं नाही. आम्ही फौजेत रिक्रूट असताना शिकवणारे उस्ताद तोंडात पाण्याची चूळ धरून पळायला लावायचे. शेवटी त्यांच्यासमोर थुंकून दाखवायची. चूळ नसली की परत पहिल्यापासून. त्यानं नाकानं दम घ्यायची सवय लागते. मी तेच लावलं. नऊ वर्षांच्या पोरीला.

दोनदा तिनं वाटेतच चूळ टाकली. मी म्हणालो, "फौजीची पोर हायस का कोण गं? आता तोंड उघडलंस तर बघ." तिसऱ्यांदा तिनं टाकली नाही. मी मोटारसायकलवर मागं होतो. ती सारखी वळून माझ्याकडं बघत होती, डोळे एवढे मोठे. मी हातानं 'चल पुढं' केलं. पुलाजवळ ती खाली कोसळली. मी गाडीवरूनच ओरडलो, "ऊठ, नाटकं बास." मग उतरलो. ओठ निळे पडले होते. कुशीवर वळवली तेव्हा तोंडातून पाणी आलं.

डोळे उघडल्यावर पहिलं काय म्हणाली सांगू? "आबा, म्या न्हाई उघडलं."

दवाखान्याच्या पायरीवर मी तिला सांगितलं, पाय घसरला म्हणायचं, आईला काही बोलायचं नाही. तिनं मान हलवली. दोन महिने झाले, पोरगी त्यातलं कुणापाशी बोलली नाही. सांगलीला भुलीच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी चक्कर आली होती का? ओठ निळे पडले होते का?" तू औषधं आणायला खाली गेली होतीस. प्रांजलनं माझ्याकडं बघितलं आणि "न्हाई" म्हणाली. मी तिथंच उभा होतो. त्या टेबलावर तिला काही झालं असतं तरी मी बोललो असतो की नाही, माहीत नाही.

गुरुवारी तपासणीला नेशील तेव्हा डॉक्टरीणबाईंना हे सांग. शिवतेजला मी वेगळं लिहितोय. तुझ्या सासूबाईंना आज सांगणार आहे. प्रांजलला परत इकडं पाठवायची का नाही, ते तू ठरव. मी विचारणार नाही.

खालच्या ओळी तेवढ्या तिच्या हातात दे. तू तोंडी सांगितलंस तर ती मानायची नाही. माझं अक्षर ती ओळखते.

प्रांजल,
तू नाटक करत नव्हतीस.
खोटं मी बोललो.
आईला सगळं सांग.
आबा