झाकण न काढलेली बाटली

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, अविवाहित, उश्यांच्या कारखान्याची मालकीण, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरीणबाईंनी नुकतीच नाडी पाहिली आहे आणि माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. यंत्रवाल्याने मात्र दोनदा सुचवलं, "बाई, त्या उश्यांचं काही लिहू नका, लोक हसतील." हसू देत.

१. कारखान्याची इमारत, प्लास्टिकच्या बाटल्यांचा चुरा करणारं यंत्र आणि चुरा वितळवून त्याचा कापूस काढणारं यंत्र, हे सर्व यंत्रवाल्याला मिळावं. अठ्ठावीस वर्षं त्यानेच त्यांची आजारपणं काढली. अट एकच: आधी झाकण काढायचं, हवा जाऊ द्यायची, मगच बाटली आत. बंद बाटली यंत्रात गेली की बंदुकीसारखा बार होतो, हे त्याला सांगायला नको. एक अपवाद कलम पाचमध्ये आहे.

२. माझी लोखंडी खाट डॉक्टरीणबाईंना. लहानपणी मी जिथे राहून शिकले ते कॉन्व्हेंट बंद पडलं तेव्हा ती मी मागून आणली होती. दुपारच्या सक्तीच्या झोपेत मी आणि माझी धाकटी बहीण या खाटेवर श्वास रोखायची पैज लावायचो. मदर दारातच उभ्या असायच्या. श्वास नेहमी माझाच आधी सुटायचा आणि ती कानाशी पुटपुटायची, "हरलीस, ताई."

३. माडीवरच्या कपाटातल्या सहा उश्या विकू नयेत, कोणाला वापरायला देऊ नयेत, पिंजू तर मुळीच नयेत. कारण लिहिणं भाग आहे.

बहीण याच माडीवर आजारी होती. फुप्फुसांना व्यायाम म्हणून ती रिकाम्या बाटलीत फुंकायची. शेवटच्या दिवशी फुंकर मारून तिने निळं झाकण स्वतःच्या हाताने घट्ट फिरवलं. "ठेवून दे, ताई. पैजेला लागेल." तासाभरात ती गेली. आवराआवरीत कोणीतरी ती बाटली खाली कारखान्यातल्या पोत्यात टाकली. आठवड्याने यंत्राच्या पट्ट्यावर मला ते निळं झाकण दिसलं. मी ओरडले, तोवर बाटली आत गेली होती.

बार झाला नाही.

त्या दिवशीच्या कापसाच्या सात उश्या झाल्या. सहा विकल्या गेल्या आणि वर्षभरात सहाही परत आल्या. एक शिंपी उंबऱ्यात उशी ठेवून निघून गेला. एक शिक्षिका तेवढी बोलली. "टोचत नाही हो, वासही नाही. पण मी श्वास थांबवला, की ही घेते."

४. सातवी उशी माझ्या भाचीकडे आहे. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि माझ्याकडे असताना याच उशीवर झोपायची. तिला घेऊन जाताना माझे मेहुणे म्हणाले, "लोकांच्या उष्ट्या बाटल्यांवर माझी पोर झोपणार नाही." अकरा दिवस पोर झोपली नाही. बाराव्या दिवशी तेच दारात, मान खाली घालून. "ती उशी द्या." मेहुण्यांना त्यांची ही दोन वाक्यं परत. आणखी काही नाही.

गेल्या आठवड्यात भाचीने लिहिलं, "मावशी, उशी पार चपटी झालीये. टाकून देऊ का?" मी "थांब" एवढंच कळवलं. बाकीचं पत्रात लिहायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहिते.

५. माझ्या उशाशी एक रिकामी बाटली आहे. माझी शेवटची फुंकर तिच्यात असेल. मला जमलं नाही तर झाकण डॉक्टरीणबाईंनी फिरवावं. यंत्रवाल्याने ती बाटली तशीच, झाकणासकट, यंत्रात टाकावी. बार झाला, तर म्हातारीला भ्रम होता असं समजून सहाही उश्यांचं हवं ते करावं. झाला नाही, तर त्या दिवशीचा कापूस भाचीच्या चपट्या उशीत भरावा आणि या सहाही तिलाच द्याव्यात.

बाळा, आईचा आवाज तुला आठवत नाही, हे तू लहानपणापासून मला सांगत आलीस. नव्याने भरलेल्या उशीवर कान ठेव आणि स्वस्थ पडून राहा. आम्ही दोघी श्वास रोखून असू. मीच हरणार, ठरलेलं आहे. त्यानंतर कोणी काही पुटपुटलं, तर घाबरू नकोस. ते शब्द कलम दोनमध्ये लिहिले आहेत.

सही: मावशी
स्थळ: कारखान्याची माडी, कपाटासमोर
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपार

साक्षीदार:
डॉक्टरीणबाई. लिहिणारी शुद्धीवर आहे. कपाट मी उघडून पाहिलेलं नाही.
यंत्रवाला. बार झाला नव्हता. मी तिथेच उभा होतो.