तक्रारदार समाधानी

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. छोटीचा पुढचा दात पडला, आणि आई गुडघा दुखत असूनही कुणाचं ऐकत नाही. फोन सोडून पत्र कसलं, म्हणशील. सांगतो.

सध्या सरकारी खरेदीची संकेतस्थळं तपासायचं काम आलंय. वस्तू नीट सापडते का, दर खरे आहेत का, तक्रार केली तर कुणी ऐकतं का, हे बघून गुण द्यायचे. तुमचं हॉस्पिटल जिथून खरेदी करतं, ते संकेतस्थळ पहिलं आलं. तिथे तक्रारी लगेच मिटतात, म्हणून मीच पैकीच्या पैकी गुण दिले होते.

मग सहज एक खोटी तक्रार टाकून पाहिली. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत उत्तर हजर: 'तक्रारदार समाधानी'. तक्रारदार मी, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तेव्हा मिटलेल्या तक्रारी उघडायला घेतल्या. त्यांत तुझी निघाली, बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राबद्दलची. 'उष्णता आपोआप थांबत नाही, बाळ भाजेल,' असं स्वच्छ लिहून खाली मुख्य परिचारिका म्हणून तुझं नाव. त्याखाली तेच दोन शब्द. तसलीच आणखी यंत्रं तुमच्याकडे यायला निघाली आहेत.

साहेबांना दाखवलं. त्यांनी उठून खिडकी लावली आणि गुण तसेच ठेवा म्हणाले. मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "ताई अजून एकट्याच राहतात का तुमच्या?"

तुझ्याबद्दल मी त्यांच्याशी कधी चकार शब्द बोललो नव्हतो.

गुण खाली आणले आणि अहवाल समितीतल्या सगळ्यांना पाठवला. दुपारी माझं लॉगिन बंद. आज माझ्या खुर्चीत दुसराच माणूस होता. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. परवा ऑफिसातून घरी आईशी फोनवर बोललो, ते काल साहेबांनी मला जसंच्या तसं ऐकवलं. म्हणून हे पत्र.

ताई, उद्या एखादं बाळ भाजलं, तर कागदोपत्री तू समाधानी आहेस. सगळं तुझ्या गळ्यात येईल. ती यंत्रं लावू देऊ नकोस. तुमच्या डॉक्टरीणबाईंना आजच सांग.

त्यांना आता त्या 'समाधानी'खाली फक्त तुझी सही हवी आहे, मागची तारीख घातलेली. ती घ्यायला माणूस निघालाय, असं आमच्या शिपायाने मला जिन्यात हळूच सांगितलं. गोड बोलेल. घरातलाच वाटेल. माझं नाव घेईल, मी पाठवलंय म्हणेल.

मी कुणालाही पाठवलेलं नाही.

तुझाच,
धाकटा