रोहिणीची नोंद

देवपूर, धुळे

प्रिय स्वप्नील,

चौदा महिन्यांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न उघडताच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते. फोन करायचा धीर झाला नाही. तू चाळीसगावला वडिलांच्या मोटारपंपांच्या दुकानात बसतोस, संगणकाला हातही लावत नाहीस, असं आपल्या संस्थेतल्या ऋतिकाकडून कळलं. वडील आता थोडं चालतात, हेही तिनंच सांगितलं. बरं वाटलं.

त्या आठवड्यातलं सगळं मला अजून तारीखवार आठवतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्यांच्या नोंदी आपण क्लाउडवर ठेवायचो. 'आजार' या रकान्याचं नाव तू बदललंस. पण जुन्या अकराशे नोंदी जुन्याच नावाखाली होत्या आणि प्रोग्राम त्यांना नव्या नावानं शोधणार होता. म्हणून त्या नव्या नावावर आणणारा एक छोटा प्रोग्रामही तू लिहिलास. तेवढ्यात तुझ्या वडिलांना ॲटॅक आला. स्टेशनवरून तू फोन केलास, "नूतन, तो पूर्ण चालल्याशिवाय नवीन ॲप सुरू करू नकोस. कुठे अडला तर मला लगेच सांग." दुपारी मी तुला कळवलं, "झालं."

पुढं तीन आठवड्यांनी रोहिणी गेली. नऊ वर्षांची पोर, पाय आणि छाती दुखते म्हणून रडत होती. तिची आई गुंताबाई तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात आली, पण तपासणीचं कार्ड घरी राहिलं होतं. सिस्टर म्हणाली, "कार्ड नसलं तरी चालतं, संगणकात सगळं असतं." संगणकात लिहिलं होतं, सिकलसेल : नाही. तापाच्या गोळ्या देऊन तिला परत पाठवलं. त्याच रात्री ती गेली. दुसऱ्या दिवशी तिथल्या आपल्या आरोग्यसेविका भागाबाईंनी फोन केला, "ताई, कार्डवर त बठ्ठं लिखेल शे. मंग तुमना मशीनमा काब्र नई?" कार्डवर सगळं होतं, आपल्या संगणकात का नव्हतं, असं त्या विचारत होत्या.

संस्थेच्या चौकशीत तू उभा राहून म्हणालास, "प्रोग्राम माझा होता. काही नोंदी त्यानं सोडल्या असणार." मी तुझ्या शेजारीच बसले होते. टेबलावरच्या ग्लासाकडे बघत राहिले.

स्वप्नील, तुझ्या प्रोग्रामनं काही सोडलं नव्हतं. तो चारशे नोंदी झाल्यावर अडला. नवीन ॲप त्याच दिवशी जळगावच्या कार्यक्रमात दाखवायचं होतं. उघडून पाहिलं, तर जुनी नोंद समोर आली की लाल अक्षरांत चूक यायची. कारण शोधायला वेळ लागला असता. तू तेव्हा आयसीयूच्या बाहेर असशील, असंही मनात आलं. पण खरं सांगायचं तर मला चूक फक्त दिसेनाशी करायची होती. म्हणून मी ॲपमध्ये एक ओळ घातली : रकाना सापडला नाही, तर 'नाही' समज. लाल अक्षरं गेली. कार्यक्रमात टाळ्या पडल्या. रोहिणी गेल्यावर मी तिची मूळ नोंद उघडली. जुन्या नावाखाली तिचा आजार ठळक लिहिलेला होता. मग मी गुपचूप सगळ्या नोंदी नव्या नावावर हलवल्या आणि ती ओळ पुसली.

परवा भागाबाईंबरोबर रोहिणीच्या पाड्यावर गेले होते. गुंताबाईच्या ओसरीवर बसून तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चूक तुझी होती, तर तो पोरगा दर महिन्याला इथे येऊन का रडतो? माझी पोर मी मारली म्हणतो." तू तिथे जातोस, हे मला माहीत नव्हतं. तिथून निघाले आणि आज सकाळी संचालकांकडे लेखी जबाब दिला. त्याची प्रत सोबत आहे. माफी मागत नाही. पुढच्या महिन्यात तिथे गेलास तर तसं म्हणू नकोस, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझीच म्हणायचा हक्क मी गमावला आहे,
नूतन