कुणाच्या नावाचा रुमाल

७ मार्च २००४, रविवार

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. दुसरं गीत संपलं, मी प्रार्थनेला उभी राहिले, आणि नव्या पाळकानं, वाल्डेमारनं, मला भर मंडळीत अडवलं!

"ओटिलियाबाई, डोक्याला रुमाल लग्न झालेल्या बायका बांधतात. तुम्ही कुणाची बायको?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. एकतीस वर्षं खाणीत उतरणाऱ्यांच्या हाती मी दिवे दिले, प्यायलेल्यांना दारातून पिटाळलं — आणि या चौतिशीतल्या पोरापुढे परत बाकावर बसले! जुने पाळक जर्मनीला गेले. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

८ मार्च

शेजारची फ्रीडा महिलादिनाची पिवळी फुलं घेऊन आली.

"सोड की तो रुमाल! का या वयात नवरा शोधतेयस?"

"तुझा पाहिला, हौस फिटली."

हसली. मग हळूच — "नाही सोडलास तर चार एप्रिलच्या प्रभुभोजनात तुला भाकर नाही. पाळक म्हणालाय."

१० मार्च

रुमाल धुतला. इस्त्री केली.

१४ मार्च, रविवार

बांधूनच गेले. शेवटच्या बाकावर बसवलं!

सभा सुटल्यावर पाळकाला गाठलं. म्हटलं, बायबलात पौलानं 'प्रार्थना करणारी बाई' म्हटलंय, 'बायको' कुठंय?

"मावशी, रुमाल म्हणजे वर कुणीतरी धनी असल्याची खूण. तुमच्या वर कोण?"

उत्तर ओठांवर आलं होतं. गिळलं.

१५ मार्च

सिस्टर अगाथा आठवते आहे. सोव्हिएत काळात हद्दपार होऊन या वसाहतीत आलेली कॅथलिक नन. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही सहा मुली शिकलो — तेच माझं कॉन्व्हेंट. उघड्या डोक्यानं प्रार्थना म्हटली की पळीचा फटका! ती गेली, आमचा कुणी फादर उरला नाही. देवाचं घर एवढं एकच होतं, म्हणून या प्रोटेस्टंटांच्यात आले.

ती म्हणायची, "सरकारपासून लपव. पण देवाच्या घरात कुणी सरळ विचारलं, तर लपवू नकोस."

दोनदा विचारलं त्यानं. दोनदा!

२८ मार्च

पत्र त्याच्या हातात दिलं. नक्कल इथे:

"१५ ऑगस्ट १९५५, दुपारी, पडदे ओढून, सिस्टर अगाथानं माझ्या डोक्याला रुमाल बांधला आणि मी ख्रिस्ताला जन्माचं वचन दिलं. मी नन आहे. कुणाची, ते तुम्हाला कळलं. आता भाकर देता की दार दाखवता, ते लेखी कळवा, सहीनिशी. शनिवार, ३ एप्रिल, संध्याकाळी सहाच्या आत."