एप्रिल की ऑक्टोबर

कोपरगाव,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. अनिमेष यास ताईचे आशीर्वाद.

तुम्ही तिघं टोरोंटोच्या बर्फात कुडकुडत असाल. इकडे दुपारी पंखा लागायला लागला. आईच्या अर्धांगवायूला परवा चार वर्षं झाली. वरणभात आता मिक्सरमधून काढूनच द्यावा लागतो. छबूबाई सकाळी येतात आणि पाचला जातात, तेवढ्यात माझी शाळा होते. फोनवरच बोलले असते, पण आईचा पलंग हॉलमध्ये आहे आणि तिचं शरीर थकलंय, कान नाही थकले. म्हणून कागद घेतला.

तुझा मेसेज वाचला. "ताई, बाइकवर नेपाळला जायला बेस्ट सीझन कुठला ते फायनल सांग, मी त्याप्रमाणे रजा टाकून आईपाशी राहतो." बरं वाटलं. चार वर्षांत चौथ्यांदा वाटलं, म्हणून जरा कमी वाटलं, एवढंच.

तर ऐक. भूगोलाची बाई आहे, नीट सांगते. जून ते सप्टेंबर विचारच नको, पोखऱ्याच्या पुढे दरडी कोसळतात. डिसेंबर-जानेवारीत वरच्या रस्त्यावर बर्फ असतो, सकाळी ब्रेक दाबला की संपलं. उरले दोन. एप्रिलमध्ये थंडी सोसवते, डोंगरभर लाल गुरांस, म्हणजे तिकडचं ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो, पण हवा धुरकट. शिखरं दिसली तर दिसली. शिवाय इंदूर ते लखनौ उन्हात भाजून निघायचं. ऑक्टोबर सगळ्यात उत्तम. पाऊस सरलेला, आभाळ स्वच्छ. आम्हाला जिथवर जायचंय त्या जोमसोमचा दुपारचा वारा मात्र दोन्ही वेळेला असतोच, बुलेटसकट माणसाला ढकलतो म्हणे. हे 'म्हणे' दिपालीचं. ती शिर्डीत हॉटेल सांभाळते आणि दोनदा जाऊन आलीय. यंदा आम्ही चौघीजणी आहोत. एप्रिल की ऑक्टोबर, हे तिला महिनाअखेर कळवायचंय.

गेल्या वर्षी मी ऑक्टोबरच म्हणाले होते. बुलेटला नवे टायरही टाकले होते. मग तुझं प्रोजेक्ट आलं. त्याआधीच्या एप्रिलमध्ये तुझ्या ओमची परीक्षा. मी तुला दोष देत नाही. म्हणजे देते, पण भांडायला जो जोर लागतो तो आईला कुशीवर वळवण्यातच संपतो.

हवामान झालं सांगून. आता पुढचं.

गुरुवारी डॉक्टर घरी येऊन गेले. आईच्या छातीत कफ साठतोय. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, उन्हाळा काढतील. पावसाळ्याचं मला सांगता येत नाही." मी त्यांना गेटपर्यंत सोडलं, स्वयंपाकघरात आले, चहा ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली. जुलै धरला. मग तेरावा, मग कागदपत्रं, तिच्या पलंगाची आवराआवर. सप्टेंबरपर्यंत सगळं आटपतं. म्हणजे ऑक्टोबर मोकळा. मला हायसं वाटलं, अनिमेष. चहा उकळेपर्यंत मी खरंच आनंदात होते, मनातल्या मनात सामान बांधत होते.

मग लक्षात आलं, मी काय मोजतेय ते. आई कधी गेली तर मला सोयीचं पडेल, हे मी बघत होते. इतकी लाज वाटली की तिला चमच्याने चहा पाजताना मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. तिने सगळा चहा शहाण्या मुलीसारखा संपवला.

न राहवून दुसऱ्या दिवशी छबूबाईंना सांगितलं. ओट्यापाशी मेथी निवडत होत्या. वाटलं, आता ह्या कानावर हात ठेवणार. त्या मान वरही न करता म्हणाल्या, "ताई, माझी सासू धा वर्सं पडून हुती. म्या बी मोजलेत दिस. त्याचं काय न्हाई. पर आजी रोज इचारत्यात, अनू कवा येनार? त्यान्ला काय सांगू म्या?"

त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे.

आई गेल्यावर तू येशील, याची मला खात्री आहे. तेव्हा तिकीट मिळेल, साहेब रजा देतील, ओमची परीक्षाही आड येणार नाही. तेरा दिवस राहशील, जमिनीवर झोपशील, सगळं रीतसर करशील. आणि तिला त्यातलं काही म्हणजे काही कळणार नाही.

कोपरगावहून जोमसोमला जाऊन परत यायला मला तेरा दिवस लागतात. एकेक मुक्काम लिहून काढलाय.

म्हणून सीझन एप्रिल. धूर असू दे, ऊन असू दे. ते तेरा दिवस तू आत्ता घे. तिला पेज भरव, तिची कूस बदल, ती 'अनू' म्हणाली की ओ दे. नंतर तुझी रजा उरली नाही तर येऊ नकोस. विधी मी करीन, गुरुजींना विचारून ठेवलंय. नातेवाईक बोलतील, त्यांना मी तोंड देईन.

तू आला नाहीस तर मी तिला सोडून जाणार नाही, हे तुला पक्कं माहीत आहे. त्या भरवशावरच तू आजवर राहिलास. पण मग मला ऑक्टोबरची वाट बघत बसावं लागेल, रे. ती वाट मला बघायला लावू नकोस.

तुझ्यासाठी थांबलेल्या दोघींपैकी धाकटी,
यामिनीताई