उलट्या पिळाची गाठ

ओरियाक, शनिवार

प्रिय नादेज,

पपांना पुरून आज नऊ दिवस झाले. निघताना तू मोटारीची काच खाली करून म्हणालीस, "रेजिस, माझ्या शेवटच्या मॅचची रॅकेट विसरू नकोस हं. नीट गुंडाळून पाठव. आणि तारांना हात लावू नकोस, त्या पपांच्या आहेत." मी मान हलवली. मी नेहमी मानच हलवतो. पण रॅकेट मी अजून पाठवलेली नाही. गटिंगच्या, म्हणजे रॅकेटला तारा ओढायच्या, मशीनच्या वर भिंतीतल्या खिळ्याला बावीस वर्षं टांगलेली होती, तिथेच आहे. तुझ्या नावाच्या क्रीडाभवनाचं उद्घाटन पुढच्या शनिवारी. तिथे रॅकेटसाठी काचेची पेटी तयार आहे, फक्त पितळी पाटीचा मजकूर कोरणाऱ्याला गुरुवारपर्यंत हवा आहे. महापौरबाईंचा दोनदा फोन आला. "नादेज काबांतू हिची रॅकेट, गटिंग तिच्या वडिलांच्या हातचं, असंच लिहू ना?" मी म्हटलं, कळवतो.

मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो, म्हणून लिहितो आहे. चर्चच्या दारात त्या दिवशी तुझा हात हातात घ्यायला लोकांची रांग लागली होती. खाटिकाच्या दुकानातल्या देल्रियूबाई तुझ्या गळ्यात पडून रडल्या आणि मग डोळे पुसत मला म्हणाल्या, "तुम्ही ह्यांच्याबरोबर पॅरिसहून आलात का?" मी म्हटलं, "मी रेजिस, बाई. दुकानातला." तर म्हणाल्या, "अगं बाई, रेजिस होय! कोटात ओळखलंच नाही रे तुला. नेहमी तो मळका अ‍ॅप्रन असतो ना!" पंधरा वर्षं त्यांच्या नातवाच्या रॅकेटी मी विणतो आहे. हसण्यासारखंच होतं, आणि बापाच्या शवपेटीजवळ मी हसलोही. पण मग तू आत उभी राहून बोललीस. "मी खेळणं सोडलं त्या वर्षी पपांचे हात थरथरायला लागले. जणू माझ्यासाठीच ते हात तोवर थांबले होते." सगळं चर्च हुंदके देत होतं. मी हातातल्या टोपीकडे बघत बसलो. मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. ते काय आहे हे मला अकराव्या वर्षापासून ठाऊक आहे.

तू सहा वर्षांची असताना दुकानाच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारायचीस, तो आवाज मला अजून ऐकू येतो. तो चुकायचाच नाही. मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठा, मीही टेनिस खेळायचो, बरा खेळायचो. क्लबातले म्हातारे म्हणायचे, "काबांतूचा डावखुरा पोरगा सर्व्हिस झकास करतो." पण आपल्याकडे मोटार एकच होती आणि रविवारही एकच. माझी विभागाची उपांत्य फेरी क्लेर्मोला होती, त्याच दिवशी तुझी लहान मुलींची स्पर्धा तुलूझला. पपा किल्ली बोटावर फिरवत माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तर मोठा आहेस, तुला कळतं." मी मान हलवली. तू मागच्या सीटवर सॉसेजचं सँडविच खात होतीस, मला हात केलास. त्या दिवशी मी दुकान सांभाळलं आणि मग सांभाळतच राहिलो. तू जिंकून आलीस त्याचं कात्रण पपांनी फायलीत लावलं. ती पहिली फाईल. आता अकरा आहेत, सगळ्या माझ्या पलंगाखाली.

चौदाव्या वर्षी तू प्रशिक्षणाला गेलीस, सतराव्या वर्षी व्यावसायिक झालीस. तुझी प्रत्येक मॅच मला पाठ आहे, कदाचित तुझ्याहून जास्त. तू पहिल्या शंभरात आलीस त्या सोमवारी पपांनी दुकानात येईल त्याला वाइन पाजली. तू अठ्ठावन्नाव्या क्रमांकावर पोचलीस, मेलबर्नला चौथ्या फेरीत गेलीस, आणि त्याच आठवड्यात आई गेली. तू येऊ शकली नाहीस म्हणून पपा कुणावर रागावले नाहीत. माझ्यावर मात्र रागावले, मी फुलं चुकीची आणली म्हणून. मग ती टीव्हीवरची मुलाखत. "माझ्या रॅकेटमध्ये माझ्या वडिलांचे हात आहेत. दुसऱ्या कुणाचं गटिंग मला डोळे मिटूनही कळतं." दुसऱ्या दिवसापासून लोक पपांचे हात बघायला दुकानात येऊ लागले. बेकरीवाला म्हणायचा, "फेर्दिनाँ, त्या हातांचा विमा उतरव रे बाबा!" पपा हात अ‍ॅप्रनच्या खिशात घालायचे आणि हसायचे.

खिशात का घालायचे, ते आता सांगतो. त्या मुलाखतीच्या आधीच्या हिवाळ्यात एक दिवस तुझी रॅकेट मशीनवर लावलेली असताना पपांच्या हातून तार सुटली. त्यांनी परत ओढली, परत सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला. मी दारात उभा होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नादेजला सांगायचं नाही. तिला कळलं तर तिचाही हात डगमगेल. शपथ घे." मी शपथ घेतली. त्या दिवसापासून तुझ्या रॅकेटी मी विणल्या. दर पंधरवड्याला सहा, सहा वर्षं.

सोपं नव्हतं गं ते. मी डावखुरा, त्यामुळे माझ्या शेवटच्या गाठीचा पीळ पपांच्या उलट पडायचा. तार कितीही बरोबर ओढली तरी जाणत्याला गाठ पाहून कळतं, रॅकेट कुणी विणली. पपा स्टुलावर बसून ओरडायचे, "उलटी! परत उलटी! सोड सगळी. अरे, अक्षर बदलून सही करतात लोक, तुला एक गाठ जमेना?" पहिल्या आठवड्यात मी एकच रॅकेट तीनदा उसवली. मग उजव्या हाताने शिकलो. माझा हात बाजूला ठेवला आणि पपांचा हात शिकलो. तू सोफियाला, ताश्कंदला, कुठे कुठे हॉटेलात माझी पार्सलं उघडायचीस आणि फोन करायचीस, "पपा, झकास! तुम्हीच आहात बघा!" पपा म्हणायचे, "आहे ना मी." मी शेजारच्या खोलीत दुसऱ्या कुणाची तरी रॅकेट विणत असायचो. मला तुझा हेवा वाटायचा हे तुला ठाऊक असेलच. पण पपांचाही वाटायचा, हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. माझ्या हातांना आयुष्यात एकदाच नाव मिळालं आणि तेही त्यांचं.

आता त्या शेवटच्या रॅकेटचं. तुझ्या शेवटच्या रोलाँ गारोस स्पर्धेच्या आधी पपा माकडहाडाच्या दुखण्याने दवाखान्यात होते. मी दिवसा तिथे आणि पहाटे दुकानात. पाच रॅकेटी मी पपांच्या पद्धतीने विणल्या. सहाव्या वेळी मी इतका थकलो होतो की हात आपोआप स्वतःसारखे चालले. शेवटची गाठ माझी, उलट्या पिळाची पडली, हे पार्सल गेल्यावर लक्षात आलं. तू पहिली फेरी जिंकलीस, दुसऱ्या फेरीत तिसरा सेट आठ-सहा असा हरलीस, आणि लाल मातीने माखलेली रॅकेट ओठांना लावलीस. टीव्हीवर मला तेवढंच दिसलं. जूनमध्ये घरी येऊन तू ती पपांच्या मांडीवर ठेवलीस. "सहामधून हीच घेतली शेवटी. हिच्यात चेंडू जिवंत वाटायचा. तुमच्यापाशीच ठेवा." तू वर सामान ठेवायला गेलीस. पपांनी चष्मा लावला, रॅकेट डोळ्यांजवळ नेली, गाठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला, कारण अंगठा जागेवर राहत नव्हता. मग मला म्हणाले, "पीळ उलटा आहे." मी म्हटलं, "हो पपा. चुकलं." ते म्हणाले, "तार बरी ओढलीयस." आणि तू जिना उतरतेयस हे ऐकून त्यांनी रॅकेट माझ्याकडे दिली, "टांग ती वर." सत्तावन्न वर्षांत मला मिळालेलं त्यांचं कौतुक एवढंच. त्यानंतर त्यांनी तुला सांगितलं की हात आत्ताआत्ताच थरथरायला लागलेत, आणि तू ते खरं मानलंस. नंतर बावीस वर्षं मी त्यांना सूप भरवलं. शपथ मोडायची परवानगी त्यांनी दिली नाही आणि मीही मागितली नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी दुकान बंद करून मी ती खिळ्यावरून काढली आणि कात्री हातात घेतली. तारा कापून पपांच्या पद्धतीने नव्या ओढल्या असत्या तर पाऊण तासाचं काम होतं. पेटीसमोर उभं राहून कुठल्याही गटिंगवाल्याला शंका आली नसती. कात्री पहिल्या तारेला लावली आणि थांबलो. शवपेटी बंद करण्याआधी मी पपांचे हात पाहिले होते. अगदी स्थिर होते. तुझे ओठ लागलेली तार माझी आहे, नादेज, आणि त्या हातांची काळजी घेणाराही मीच होतो.

म्हणून हे पत्र. शपथ मोडली, त्याचं पाप माझं. रॅकेट मी कुरिअरने पाठवणार नाही. पाटीवर पपांचंच नाव हवं असेल तर गुरुवारच्या आत फक्त फोन कर, मी तारा कापतो आणि त्यांच्या हाताने ओढून, त्यांची गाठ मारून पाठवतो. कुणाला कळणार नाही, मला ते उत्तम जमतं, आणि या विषयावर मी पुन्हा कधी बोलणार नाही. पण आहे तशीच हवी असेल तर स्वतः ये. दुकानाचं मागचं दार उघडं ठेवतो. ती खिळ्यावरून मी काढतो, तू गाठ बघ, आणि मग माझ्या हातातून घेऊन जा.

तुझाच डावखुरा भाऊ,
रेजिस